सीजीएसटी, एसजीएसटी, आयजीएसटी : वेगवेगळ्या नावांचे एक्सएमएल टॅग एकाच लिस्टमध्ये कसे आणावेत?

उद्यमबागकर

नमस्कार. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या फाउंड्री आणि मशीन शॉपसाठी बिलांचा ताळमेळ घालणारी एक प्रणाली मी जावामध्ये लिहीत आहे. ग्राहकांची आणि पुरवठादारांची बिले एक्सएमएल फाइलच्या रूपात येतात. ती वाचून ऑब्जेक्टमध्ये आणायची, तपासायची आणि काही बिलांत दुरुस्ती करून नेमक्या त्याच साच्यात परत पाठवायची, असे कामाचे स्वरूप आहे.

आपल्या बेळगावच्या जागेमुळे एक गोष्ट इथल्या प्रत्येक फाइलीत येतेच. माल खानापूरला किंवा हुबळीला गेला तर सीजीएसटी (केंद्राचा जीएसटी) आणि एसजीएसटी (राज्याचा जीएसटी) असे दोन कर लागतात. तोच माल वेंगुर्ला रस्त्याने शिनोळीच्या कारखान्यात गेला की महाराष्ट्र सुरू होतो आणि एकटा आयजीएसटी (आंतरराज्य व्यवहाराचा जीएसटी) लागतो. जीएसटी क्रमांकाच्या सुरुवातीला कुठे कर्नाटकाचा २९, कुठे महाराष्ट्राचा २७, आणि गोव्याचा ग्राहक असेल तर ३०, असे एकाच दिवसाच्या फाइलीत सगळे मिसळून येते. नमुना पाहा :

```
<बिल क्रमांक="४१७">
  <ओळ माल="कास्टिंग" रक्कम="१००००">
    <सीजीएसटी दर="९" रक्कम="९००"/>
    <एसजीएसटी दर="९" रक्कम="९००"/>
  </ओळ>
</बिल>
<बिल क्रमांक="४१८">
  <ओळ माल="कास्टिंग" रक्कम="१००००">
    <आयजीएसटी दर="१८" रक्कम="१८००"/>
  </ओळ>
</बिल>
```

वाचायला सोपे जावे म्हणून टॅग आणि अंक देवनागरीत दिले आहेत. टॅगची नावे देवनागरीत ठेवायला एक्सएमएल १.० ची मुळात हरकत नाही, पण फाइलीची रचना ठरवणाऱ्या स्कीमाच्या डेसिमल प्रकाराला इंग्रजी अंकच चालतात, हे नमुना वापरून पाहणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

सध्या ‘ओळ’ या क्लासमध्ये मी तीन वेगळी फील्ड ठेवली आहेत, आणि एकूण कर काढायचा म्हटला तरी प्रत्येक ठिकाणी तीन वेळा ‘हे फील्ड रिकामे आहे का’ असे विचारावे लागते. उद्या सेस किंवा केंद्रशासित प्रदेशाचा यूटीजीएसटी आला तर चौथे आणि पाचवे फील्ड वाढेल. तिन्ही टॅगची आतली रचना तंतोतंत सारखी आहे. म्हणून ‘कर’ नावाचा एकच क्लास आणि ‘ओळ’मध्ये त्या क्लासच्या ऑब्जेक्टची एकच लिस्ट असावी, असे मला वाटते. जॅक्सबीमध्ये, म्हणजे एक्सएमएल आणि जावा ऑब्जेक्ट यांची अदलाबदल करणाऱ्या लायब्ररीमध्ये, हे कसे करावे, याचे मार्गदर्शन मिळावे.

टिळकवाडी

यासाठी ‘एक्सएमएल-एलिमेंट्स’ हे (कोडमध्ये फील्डवर लावायच्या सूचनेसारखे) अॅनोटेशन आहे. शेवटच्या ‘स’कडे लक्ष द्यावे, कारण एकवचनी ‘एक्सएमएल-एलिमेंट’ हे वेगळे अॅनोटेशन आहे. लिस्टच्या फील्डवर बहुवचनी अॅनोटेशन लावावे, त्याच्या आत एकवचनी अॅनोटेशन तीन वेळा लिहावे, प्रत्येकात टॅगचे नाव द्यावे आणि प्रकार म्हणून ‘कर’ हा क्लास द्यावा. तिन्ही टॅग एकाच लिस्टमध्ये येतील, आणि फाइलीत ज्या क्रमाने असतील त्याच क्रमाने येतील. तीन वेगळ्या लिस्ट केल्या असत्या तर हा क्रम हरवला असता.

उद्यमबागकर

आभारी आहे. सांगितल्याप्रमाणे केले. घरी तयार केलेल्या फाइलीवर व्यवस्थित चालते, पण ग्राहकाची खरी फाइल दिली की लिस्ट रिकामी राहते. कोणतीही त्रुटी दाखवली जात नाही. बिलाचा क्रमांक वाचला जातो, कारण तो अॅट्रिब्यूट आहे. आतले मात्र काहीच येत नाही. खऱ्या फाइलीच्या मूळ टॅगवर ‘एक्सएमएलएनएस’ म्हणून एक लांबलचक पत्ता आहे, एवढाच फरक मला दिसतो.

वेदगंगाकाठ

तोच फरक कारणीभूत आहे. मूळ टॅगवर डिफॉल्ट नेमस्पेस, म्हणजे टॅगची नावे कुठल्या गटातली ते सांगणारा पत्ता, घोषित केली की आतले सगळे टॅग तिच्याखाली येतात. अॅट्रिब्यूट येत नाहीत, म्हणूनच आपला बिल क्रमांक वाचला गेला. पार्सरच्या दृष्टीने टॅगची ओळख नेमस्पेस आणि स्थानिक नाव या दोहोंनी मिळून ठरते, त्यामुळे नेमस्पेस नसलेला ‘सीजीएसटी’ आणि त्या पत्त्याखालचा ‘सीजीएसटी’ हे त्याच्यासाठी दोन परके टॅग आहेत. पॅकेज-इन्फो फाइलीत ‘एक्सएमएल-स्कीमा’ अॅनोटेशनमध्ये तो पत्ता द्यावा आणि ‘एलिमेंट-फॉर्म-डिफॉल्ट’ची किंमत ‘क्वालिफाइड’ ठेवावी, म्हणजे प्रत्येक टॅगपाशी पत्ता पुन्हा लिहावा लागणार नाही.

त्रुटी का दाखवली गेली नाही, हा प्रश्न माझ्या मते नेमस्पेसपेक्षाही महत्त्वाचा आहे. जॅक्सबीची दुसरी आवृत्ती ओळखीचा नसलेला टॅग मुकाट्याने सोडून देते. कराच्या हिशेबात हे फार धोक्याचे आहे, कारण उद्या कुणी फाइलीत यूटीजीएसटी पाठवला तर तो नाहीसा होईल आणि बेरीज तेवढ्याने कमी येईल. अनमार्शलरवर (एक्सएमएल वाचून ऑब्जेक्ट बनवणाऱ्या भागावर) व्हॅलिडेशन इव्हेंट हँडलर बसवावा; जॅक्सबीसोबत येणारा डिफॉल्ट हँडलरही चालतो, आणि अनपेक्षित टॅग आला की कुठल्या ओळीवर आला ते सांगून तो वाचन थांबवतो.

आपण जावाची कोणती आवृत्ती वापरता, तेही तपासावे. २०१८ मध्ये आलेल्या जेडीके ११ मधून जॅक्सबी काढून टाकले गेले आहे आणि आता ती लायब्ररी स्वतंत्रपणे जोडावी लागते. जुनी अॅनोटेशन ‘जावाएक्स’ पॅकेजमधली आणि जोडलेली लायब्ररी नवी ‘जकार्ता’ची, अशी सरमिसळ झाली तर ती अॅनोटेशन विचारातच घेतली जात नाहीत, आणि लक्षण पुन्हा हेच दिसते.

उद्यमबागकर

नेमस्पेस दिल्यावर लिस्ट भरली. हँडलरही बसवला. आता दुसरी अडचण पुढे आली आहे. वाचलेले बिल परत लिहिले की ४१७ क्रमांकाच्या बिलातले दोन्ही कर एकाच नावाने बाहेर पडतात. सीजीएसटी आणि एसजीएसटी असे दोन टॅग अपेक्षित असताना एकच नाव दोनदा येते. रकमा बरोबर आहेत, नाव तेवढे हरवले आहे.

एक विचार असा आला की लिहिताना नाव पत्त्यावरून काढावे : माल कर्नाटकात उतरला असेल तर पहिला कर सीजीएसटी आणि दुसरा एसजीएसटी, बाहेर उतरला असेल तर आयजीएसटी. असे केले तर क्लास एकच राहतो. यात काही चूक आहे का?

शहापूर_करसल्लागार

मला प्रोग्रामिंग येत नाही, परंतु या शेवटच्या प्रश्नावर गप्प बसणे योग्य वाटत नाही. कृपया तसे करू नये. माल कुठे उतरला यावरून कराचे नाव ठरत नाही, आणि आपल्या भागात तर ते फारच वेळा ठरत नाही.

समजा, कोल्हापूरच्या कंपनीने उद्यमबागेत ऑर्डर दिली आणि माल थेट खानापूरच्या आपल्या ग्राहकाकडे पोहोचवायला सांगितला. गाडी कर्नाटकाबाहेर पडलीच नाही. तरीही आयजीएसटी कायद्याच्या कलम १०(१)(बी) प्रमाणे पुरवठ्याचे ठिकाण हे सांगणाऱ्याच्या व्यवसायाचे मुख्य ठिकाण, म्हणजे कोल्हापूर, धरले जाते. उद्यमबागेतून कोल्हापूरच्या नावे निघालेल्या बिलावर आयजीएसटीच येतो. दुसरे उदाहरण हत्तरगीचे. तिथल्या विशेष आर्थिक क्षेत्रातल्या युनिटला केलेला पुरवठा, युनिट आपल्याच जिल्ह्यात असूनही, कायद्याने आंतरराज्य मानला जातो. पत्त्यावरून नाव काढणारी आपली प्रणाली या दोन्ही बिलांवर चुकीचे टॅग लिहील, आणि रकमेची बेरीज जुळत असल्यामुळे ते कुणाच्या चटकन लक्षातही येणार नाही.

चुकीच्या नावाचा परिणाम पैशांतच भोगावा लागतो. सीजीएसटीचे क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) एसजीएसटी भरण्यासाठी वापरता येत नाही आणि एसजीएसटीचे सीजीएसटीसाठी वापरता येत नाही. आयजीएसटीचे क्रेडिट मात्र दोन्हींसाठी वापरता येते आणि ते आधी संपवावे लागते. तीन खाती आहेत आणि तिन्ही वेगळी ठेवावी लागतात. ९०० रुपये कुठल्या नावाखाली आले, ही माहिती त्या ९०० इतकीच मोलाची आहे. बिल देणाऱ्याने जे नाव लिहिले ते जसेच्या तसे जपावे. ते चुकले आहे असे वाटले तर त्याला कळवावे. संगणकाने ते परस्पर बदलू नये.

वेदगंगाकाठ

सरांनी मूळ मुद्द्यावरच बोट ठेवले आहे. टॅगच्या नावात माहिती आहे की ते केवळ लेबल आहे, हे आधी ठरवल्याशिवाय अॅनोटेशन निवडू नये. इथे नावात माहिती आहे, आणि ‘कर’ या क्लासमध्ये ती ठेवायला जागाच नाही. जॅक्सबी लिहिताना ऑब्जेक्टचा क्लास पाहते आणि त्या क्लासला कोणते नाव जोडले आहे ते शोधते. तीन नावे एकाच क्लासला जोडलेली असल्यामुळे त्यातले एक निवडण्यावाचून तिला गत्यंतर नसते. बऱ्याच जणांचा पहिला विचार असा असतो की ‘आफ्टर-अनमार्शल’ ही पद्धत लिहून वाचतानाच नाव टिपून ठेवावे. पण त्या पद्धतीला फक्त अनमार्शलर आणि पालक ऑब्जेक्ट मिळतो, टॅगचे नाव मिळत नाही.

मी स्वतः उपक्लासचा मार्ग घेतो. ‘कर’ हा अमूर्त क्लास करावा. दर आणि रक्कम ही फील्ड त्यातच राहू द्यावीत, रकमेसाठी बिगडेसिमल हा अचूक दशांश प्रकार वापरावा. मग ‘सीजीएसटीकर’, ‘एसजीएसटीकर’ आणि ‘आयजीएसटीकर’ असे तीन उपक्लास करावेत, ज्यांत आपला प्रकार सांगणाऱ्या एका मेथडपलीकडे काहीही नसेल. बहुवचनी अॅनोटेशनमध्ये प्रत्येक नावासमोर त्याचा त्याचा उपक्लास लिहावा. फील्ड ‘कर’ ऑब्जेक्टची लिस्टच राहते, बेरीज करणाऱ्या कोडला उपक्लासांची गंधवार्ताही लागत नाही, आणि लिहिताना प्रत्येक ऑब्जेक्ट आपल्या नावाने बाहेर पडतो. एकेका ओळीचे तीन क्लास पाहून काहींना हे पाल्हाळ वाटते. मला ते तसे वाटत नाही, कारण कायद्याने जे तीन वेगळे आहेत ते कोडमध्येही तीन वेगळे दिसतात, आणि नवा कर आला की एक क्लास व एक ओळ एवढेच काम उरते.

दुसरा मार्ग ‘जॅक्सबी-एलिमेंट’च्या वेष्टनाचा. लिस्ट ‘कर’ची न ठेवता ‘कर’ गुंडाळलेल्या जॅक्सबी-एलिमेंटची ठेवायची आणि तिच्यावर ‘एक्सएमएल-एलिमेंट-रेफ्स’ लावायचे. वेष्टनावर टॅगचे पूर्ण नाव, नेमस्पेससह, टिकून राहते. त्यासाठी ऑब्जेक्ट-फॅक्टरीमध्ये प्रत्येक नावाची ‘एक्सएमएल-एलिमेंट-डिक्ल’ असलेली मेथड लागते; एखादी राहिली तर कॉन्टेक्स्ट तयार होतानाच त्रुटी येते. स्कीमावरून एक्सजेसीने क्लास बनवले आणि स्कीमात एकाच प्रकारच्या अनेक नावांचा पुनरावर्ती ‘चॉइस’ असेल, तर ते साधन आपणहून हीच रचना देते. कोड बिनचूक असतो, पण वापरताना दर ठिकाणी वेष्टन उघडावे लागते, आणि आपल्या हाताने लिहिलेल्या क्लासमध्ये मी ते सहसा आणत नाही.

नावे आधी ठाऊकच नसतील, म्हणजे प्रत्येक ग्राहक आपल्या मनाने नवा टॅग घालत असेल, तेव्हाच तिसरा मार्ग घ्यावा : ‘एक्सएमएल-एनी-एलिमेंट’ आणि त्याच्यासोबत एक अॅडॉप्टर. अॅडॉप्टरला कच्चा डॉम घटक (फाइलीतला टॅग जसाच्या तसा) मिळतो. त्याचे स्थानिक नाव ‘कर’च्या ‘प्रकार’ या फील्डमध्ये ठेवायचे आणि लिहिताना त्याच नावाचा घटक नेमस्पेससह परत बनवायचा. आपल्या बाबतीत नावे मोजकी आणि कायद्याने ठरलेली असल्यामुळे इतकी मोकळीक देण्याची गरज नाही. उलट, अनोळखी नाव आले की थांबणे हेच इथे हिताचे आहे.

खानापूर_विद्यार्थिनी

वेदगंगाकाठ सर, मी अंतिम वर्षाच्या प्रकल्पात अशीच फाइल वाचते आहे, पण सी-शार्पमध्ये. तिथेही प्रत्येक नावासाठी उपक्लास करावाच लागतो का?

टिळकवाडी

ताई, सी-शार्पच्या एक्सएमएल-सिरियलायझरमध्ये उपक्लासची रचना जशीच्या तशी चालते. एकाच फील्डवर ‘एक्सएमएल-एलिमेंट’ हे अॅट्रिब्यूट तीन वेळा, दर वेळी वेगळे नाव आणि वेगळा प्रकार देऊन, लावावे. तिथे जावापेक्षा एक सोय अधिक आहे. तिन्ही नावांना एकच क्लास ठेवायचा असेल तर ‘एक्सएमएल-चॉइस-आयडेंटिफायर’ वापरता येतो. करांचा एक अॅरे आणि त्याला समांतर असा नावांच्या ईनमचा (ठरावीक किमतींच्या प्रकाराचा) दुसरा अॅरे ठेवायचा; दुसरा अॅरे ‘एक्सएमएल-इग्नोर’ करायचा, म्हणजे तो फाइलीत लिहिला जात नाही, पण पहिल्यातल्या कुठल्या ऑब्जेक्टला कोणते नाव हे त्यावरून कळते. दोन्ही अॅरेंची लांबी आणि क्रम सदैव जुळला पाहिजे. बिलातला एक कर काढून टाकला आणि दुसऱ्या अॅरेतले त्याचे नाव काढायचे राहिले, तर पुढची सगळी नावे एकेका जागेने सरकतात. म्हणून बिलात बदल होणार असतील तर तुम्ही उपक्लासच करावेत असे मी सुचवेन.

निपाणी_हिशेबनीस

मंडळी, चर्चा उपयोगी आहे. माझा प्रश्न टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून काढलेल्या एक्सएमएलबद्दल आहे. काही व्हाउचरमध्ये खात्यांच्या नोंदी ‘ऑललेजरएंट्रीज.लिस्ट’ या टॅगखाली येतात आणि काहींमध्ये ‘लेजरएंट्रीज.लिस्ट’खाली. आतली फील्ड मला हवी तेवढी सारखीच आहेत. मला फक्त वाचायचे आहे, परत लिहायचे नाही. इथेही दोन उपक्लास करावेत का?

वेदगंगाकाठ

इथे करू नयेत. ते दोन टॅग व्हाउचर कुठल्या पद्धतीने भरले गेले, साध्या हिशेबी नोंदीने की इन्व्हॉइसच्या पडद्यावरून, हे सांगतात. खात्याचे नाव, रक्कम आणि नावे (डेबिट) की जमा (क्रेडिट) हे सगळे प्रत्येक नोंदीच्या आतच असते. आपल्याला लागणारी माहिती टॅगच्या नावात नाही आणि परत लिहायचेही नाही, तेव्हा एकच ‘नोंद’ क्लास दोन्ही नावांना जोडावा. टिळकवाडी यांनी सुरुवातीला दिलेले उत्तर आपल्यासाठी पूर्ण आहे. दोन गोष्टींची मात्र काळजी घ्यावी. ‘इजडीम्डपॉझिटिव्ह’ची किंमत ‘येस’ असेल तर ती नोंद नावेची असते आणि तिची रक्कम उणे चिन्हासह येते. बेरीज करताना चिन्ह पुन्हा उलटवू नये. दुसरे असे की इन्व्हॉइस पद्धतीच्या व्हाउचरमध्ये मालाच्या नोंदीखाली ‘अकाउंटिंगअलोकेशन्स.लिस्ट’ असते आणि विक्रीचे खाते तिथे, एक पायरी आत, दडलेले असते. फक्त वरच्या पातळीचे दोन टॅग गोळा केले तर नावे-जमा जुळणार नाही.

शिवाय या फायलींत राखीव किमतींच्या आधी ४ क्रमांकाच्या नियंत्रण-अक्षराचा संदर्भ येतो. एक्सएमएल १.० मध्ये तो अक्षर-संदर्भ निषिद्ध आहे, म्हणून कुठलाही काटेकोर पार्सर तिथे थांबतो. फाइल पार्सरला देण्यापूर्वी तेवढा संदर्भ मजकुरातून गाळून टाकावा, आणि गाळताना फाइल यूटीएफ-१६ मध्ये आहे की यूटीएफ-८ मध्ये, हे आधी पाहावे.

उद्यमबागकर

उपक्लासची रचना पूर्ण केली. तपासणीसाठी शिनोळी, खानापूर आणि हत्तरगी अशा तिन्ही तऱ्हांची बिले निवडली. प्रत्येक बिल वाचले, काहीही न बदलता परत लिहिले, मूळ आणि नवी अशा दोन्ही फायली कॅनॉनिकल एक्सएमएलमध्ये आणल्या आणि मग त्यांची तुलना केली. कॅनॉनिकल रूपात अॅट्रिब्यूटचा क्रम आणि अवतरणचिन्हांसारखे किरकोळ फरक निघून जातात, त्यामुळे उरलेला फरक खरा फरक असतो. रिकाम्या जागा मात्र त्यात तशाच राहतात, म्हणून लिहिताना सुबक मांडणीचा पर्याय बंद ठेवला आणि मूळ फाइलीत दोन टॅगच्या मध्ये असलेल्या रिकाम्या जागा तुलनेपूर्वी काढल्या. तिन्ही जोड्या तंतोतंत जुळल्या.

करसल्लागार सरांच्या सूचनेवरून एक तपासणी आणखी घातली आहे : एका ओळीत आयजीएसटीबरोबर सीजीएसटी किंवा एसजीएसटी आढळला, किंवा त्या दोघांपैकी एकच आढळला, तर बिल दुरुस्तीसाठी बाजूला पडते आणि टॅगला कुणी हात लावत नाही. एकच लिस्ट असल्यामुळे ही तपासणी एका छोट्या मेथडमध्ये बसली. काही ग्राहक न लागणारा करही शून्य रकमेने लिहून पाठवतात, अशी बिले यात विनाकारण अडकत होती. म्हणून तपासणी शून्य रकमेचे कर वगळून करते, लिस्टमधून मात्र ते काढत नाही, कारण परत पाठवताना तेही टॅग ग्राहकाला त्याच जागी हवे असतात.